दोन बोटं उघडी खिडकी

महाडच्या माणसाला थंडीबद्दल सल्ला विचारू नये. त्याला उकाडा विचारावा, पूर विचारावा. कुठल्या साली पाणी कुठल्या दुकानाच्या कितव्या फळीला टेकलं होतं, ते तो झोपेतून उठून सांगेल. पण थंडी म्हटली की महाडचा माणूस डिसेंबरात दोन दिवस पंखा एकवर आणतो आणि तिसऱ्या दिवशी "गेली बुवा यंदाची थंडी" असं म्हणून परत चारवर नेतो. अशा गावात राहून अरविंदराव दरेकरांनी थंडीत झोपायची गाडी बांधायला घेतली, आणि सबंध गावाने त्यांना सल्ले दिले.

अरविंदराव औद्योगिक वसाहतीतल्या एका रसायनांच्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी. काही माणसांची नोकरी संध्याकाळी सहाला सुटते, यांची सुटत नसे. लग्नाला गेले की अक्षता टाकण्याआधी मांडवातून बाहेर पडायचे रस्ते किती, ते मोजत. घरातलं गॅसचं बटण पूनमवहिनींनी बंद केल्यावर हे पुन्हा एकदा बंद करत. त्या नादात ते दोनदा चालूही झालं होतं, पण तो विषय घरात निघत नसे.

मुळात प्रश्न थंडीचा नव्हताच, मानाचा होता. पोलादपूरच्या वर, घाटाच्या कुशीत करंजमाची नावाची वाडी आहे, दरेकरांची मूळ वाडी. तिथल्या वाघजाईची पालखी पौष पौर्णिमेला निघते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला नारळ दरेकरांत वयाने जो सगळ्यात थोरला असेल त्याच्या हातचा. अट एकच: त्याने पालखीची रात्र माचीवर काढली पाहिजे. इतकी वर्षं हा मान चांगूअण्णांकडे होता. गेल्या पावसाळ्यात अण्णा गेले आणि मान आला अरविंदरावांच्या वडिलांकडे, येसाजीआबांकडे. वय एकोणऐंशी. त्यांच्यामागे दीड वर्षाच्या अंतराने चुलतभाऊ हैबती, जे माचीवरच राहून गुरं आणि नाचणी सांभाळत होते. आबा रात्री राहिले नाहीत तर मान हैबतींकडे जाणार.

आता माचीवर आबांचं घर उरलं नव्हतं. हैबतींचं होतं, चांगलं ऐसपैस. पण बारा वर्षांपूर्वी आबा तिथे मुक्कामाला असताना रात्रभर खोकले होते, आणि सकाळी हैबतींनी देवळासमोर चार माणसांत सांगितलं होतं, "येसाजी आता म्हमईकर झाला. माचीची थंडी त्याला झेपत नाय." आबा मुंबईला पस्तीस वर्षं नोकरी करून आले होते हे खरं, खोकले होते हेही खरं. म्हणूनच ते वाक्य त्यांना बारा वर्षं पुरलं.

"मी हैबत्याच्या ओटीवर झोपणार नाय," आबांनी जाहीर केलं. "झोपेन तर माझ्या घरात."

"आबा, तिथे घर कुठाय आपलं?"

"ते तू बघ. तू साहेब हायस."

त्यात डॉक्टरांनी आबांच्या छातीला गारठा लागता कामा नये असं बजावलेलं. तेव्हा घर पाहिजे, ते माचीवर पाहिजे, एका रात्रीपुरतं पाहिजे आणि उबदार पाहिजे. अरविंदरावांनी पंधरा दिवस विचार केला आणि वऱ्हाडं वाहून दमलेली एक बारा सीटची जुनी ट्रॅव्हलर गाडी दारात आणून उभी केली. मागच्या काचेवर 'लग्नाला यायचं हं!' असं चिकटवलेलं होतं. ते शेवटपर्यंत निघालं नाही.

सीट काढून आत दोन बाक करायचे, तर परिवहन कार्यालयाची परवानगी लागते. ती रीतसर अर्ज करून, रीतसर तपासणी होऊन, रीतसर मिळाली. त्यामुळे तिच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

आतलं काम नाते गावच्या सुनीलकडे दिलं. सुनील गॅरेजही चालवायचा आणि सुतारकामही करायचा, त्यामुळे दोन्हीकडून त्याला उशीर होई. त्याने छताला आणि बाजूंना जाड फोम लावला, वर चंदेरी कागद मढवला, आणि झोपायच्या फळीसाठी आबांचं माप घ्यायला आबांनाच बोलावलं. आबा गॅरेजच्या जमिनीवर उताणे झोपले, हात छातीवर ठेवले, डोळे मिटले. सुनील टेपने डोक्यापासून टाचेपर्यंत माप घेत असताना रस्त्याने चाललेली दोन माणसं थांबली. एकाने टोपी काढली. दुसऱ्याने हळूच विचारलं, "कदी झालं?"

आबा उठून बसले. तो माणूस पार बाजारपेठेपर्यंत वळून बघत गेला म्हणतात.

गाडी सोसायटीत आली आणि सल्ल्यांना सुरुवात झाली. वरच्या मजल्यावरचा जितेश फोनवर व्हिडिओ बघून ज्ञानी झालेला. "दादा, सोप्पंय. इंजिन रात्रभर चालू ठेवा, हीटर सोडा. आत मस्त उन्हाळा."

"आणि धूर?"

"तो मागून जातो ना."

"मागून जातो, मग गाडीखाली साठतो, मग फटीतून आत येतो," अरविंदराव म्हणाले. त्यांच्या आवाजात कारखान्यातल्या सोमवारच्या व्याख्यानाची लय आली. "त्यातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वास नाही. माणसाला वाटतं, झोप येतेय. येते ती येतेच."

मग जितेशने छोट्या सिलिंडरवरची गॅसची शेगडी सुचवली. पलीकडच्या इमारतीतून कुणी मेणबत्तीवर मातीची कुंडी पालथी घाला म्हणालं. अरविंदरावांनी सगळं फेटाळलं. त्यांचा नियम एका ओळीचा होता: गाडीच्या आत काडीसुद्धा पेटणार नाही. त्यांनी तो पिवळ्या पाटीवर लिहवून घेतला. 'आत ज्वलनास सक्त मनाई आहे. हुकुमावरून.' पूनमवहिनींनी विचारलं, "कुणाच्या हुकुमावरून?" त्यावर त्यांनी पाटी जरा सरळ केली, इतकंच.

शिवाय त्या वायूची सूचना देणारं यंत्र पाहिजेच. कारखान्याच्या भांडारात तशी सहा पडून होती. एक दोन दिवसांसाठी मागायला अरविंदरावांनी स्वतःच तयार केलेला अर्ज स्वतःच भरला. 'वायुगळतीचे संभाव्य ठिकाण' या रकान्यात त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं, 'वडील झोपतील ते वाहन.' अर्ज तीन टेबलं फिरून वर गेला आणि वरून शेरा आला: 'सदर वडील कंपनीच्या आवारात आहेत काय?' नव्हते. शेवटी त्यांनी स्वतःचं यंत्र मागवलं. पांढरं, वाटीएवढं, आणि ओरडायला लागलं की लहान मूल पायरीवरून पडल्यासारखं ओरडे.

ते ओरडतं कसं हे सोसायटीलाही कळलं. पहिली चाचणी अरविंदरावांनी पार्किंगमध्येच घेतली. महाडच्या हवेत, चंदेरी कागदाच्या आत, दोन गोधड्या घेऊन ते झोपले आणि साधारण भाजणीच्या थालीपिठासारखे दोन्ही बाजूंनी भाजून निघाले. त्यात यंत्राची बॅटरी संपत आली म्हणून ते दर मिनिटाला किंचाळू लागलं. अध्यक्षा प्रियदर्शिनी टिपणीस निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांनी दुसऱ्या दिवशी पत्र दिलं. 'आपल्या वाहनात काल रात्री मानवी वास्तव्य आढळले. सदर जागा वाहनतळ असून निवास नाही. निवास असल्यास भाडेकरूची पोलीस पडताळणी जोडावी.'

"मॅडम, त्यात मी झोपलो होतो. मी सभासद आहे."

"तुम्ही सभासद आहात ते तिसऱ्या मजल्यावर," टिपणीसबाई म्हणाल्या. "पार्किंगमध्ये तुम्ही कोण, ते ठरायचंय."

ते ठरवायला सभा बोलावली गेली. तोवर अरविंदरावांनी दुसरी चाचणी पाचाडला नेली. गडाच्या पायथ्याशी, जानेवारीची रात्र, एका खानावळीच्या अंगणात परवानगी काढून गाडी लावली आणि नवरा-बायको आत झोपले. ऊब वाया जाऊ नये म्हणून सगळ्या काचा घट्ट. पहाटे पूनमवहिनींच्या कपाळावर थेंब पडला. मग दुसरा. छतावरच्या चंदेरी कागदाला माणसांच्या श्वासाचं पाणी सुटलं होतं आणि ते शिस्तीत एकेक थेंब खाली येत होतं.

"बाहेर कोरडं आहे आणि आपण आत भिजतोय," वहिनी म्हणाल्या. "आणि पाठ गोठलीय माझी."

अरविंदरावांनी लगेच वहीत दोन उपाय लिहिले. एक: खिडकी दोन बोटं उघडी ठेवणे. कुणाची बोटं यावर वाद नको म्हणून त्यांनी स्वतःच्या बोटांनी मोजून काचेवर लाल रेघ मारली. दोन: पांघरुणं वाढवणे.

"अहो, पाठ म्हणतेय मी. पोट नाही. वर कितीही घातलंत तरी पाठ खालीच असते."

हे वाक्य त्यांनी ऐकलं, पण वहीत घेतलं नाही. वहीत अधिकृत गोष्टीच जायच्या. त्यांनी आणखी दोन गोधड्या घेतल्या आणि तयारी पूर्ण झाल्याचं जाहीर केलं.

पौष पौर्णिमेला दुपारी गाडी पोलादपूर सोडून घाटाला लागली. आबा पुढे बसले होते, पांढरी टोपी, कोरं धोतर. माचीवर पोचेपर्यंत ते दोनच वाक्यं बोलले, आणि दोन्ही, "हळू." देवळाजवळच्या खळ्यात गाडी उभी राहिली. मुंबईहून जत्रेला आलेली पोरं गोळा झाली, काचेवरचं 'लग्नाला यायचं हं!' वाचून एकाने विचारलं, "अंकल, शादी किसकी है?" आबा खाली उतरले आणि गाडीच्या पायरीवर असे बसले की जणू ते घर तीन पिढ्या तिथेच होतं.

हैबती आले. उंच, वाळके, अंगावर घोंगडी, डोक्याला कानटोपी. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, एका चाकाला पायाने ढोसलं.

"हे तुझं घर?"

"हा."

"वाऱ्यानं उडलं म्हंजे?"

"उडलं तर तुझ्या छपरावर पडंल," आबा म्हणाले.

बारा वर्षांनंतरचं हे पहिलं संभाषण. दोघांच्याही मनासारखं झालं असावं, कारण हैबती जाताना मागे वळून बघत होते.

ऊन उतरलं आणि माचीची थंडी आली. ती महाडच्या थंडीसारखी विचारपूस करून येत नाही. सात वाजेपर्यंत तिने दरीतून वर येऊन खळं, देऊळ आणि अरविंदरावांचे कान ताब्यात घेतले. आबांना दोनदा ढास लागली. अरविंदरावांनी त्यांना गाडीत बाकावर बसवलं, गोधड्या घातल्या, यंत्र चालू करून ठेवलं, खिडकी लाल रेघेपर्यंत उघडली, पाटी वाचून दाखवली आणि पालखीला खांदा द्यायला गेले. पूनमवहिनी हैबतींच्या घरी त्यांच्या बायकोला, बायजाकाकींना, भाकऱ्या थापायला मदत करत होत्या. दरेकरांचं भांडण पुरुषांपुरतं होतं. बायकांनी ते कधी अंगाला लावून घेतलं नव्हतं.

पाऊण तासाने अरविंदराव आबांसाठी प्रसाद घेऊन गाडीकडे आले. लांबूनच त्यांना दिसलं, खिडकी बंद आहे. जवळ आल्यावर आतून हसण्याचा आवाज आला. दोन म्हातारी माणसं हसत होती, पण ते हसणं जरा सैल होतं, दारूच्या गुत्त्यासमोरून जाताना ऐकू येतं तसं. आणि त्या हसण्याखाली, फार खोलवर, काहीतरी किंचाळत होतं.

त्यांनी दार ओढलं. बाकांच्या मधोमध घमेलं होतं आणि घमेल्यात लालभडक निखारे. एका बाकावर आबा, दुसऱ्यावर हैबती. पिवळ्या पाटीच्या खिळ्याला हैबतींची कानटोपी लटकत होती, ती बरोबर 'मनाई' या शब्दावर आली होती.

"ये रे अरविंदा," हैबती म्हणाले. "बस. धूर नाय बघ जरापण. निवडून निखारे आणले."

"यंत्र कुठाय?"

"ते व्हय? तुझा मोबाईल लई बोंबलत होता. घेतला बुडाखाली."

अरविंदरावांनी आयुष्यात पाचशे वेळा लोकांना सांगितलं होतं की अशा वेळी घाबरायचं नाही, पळायचं नाही, आधी हवा मोकळी करायची. त्यांनी मागचं दार उघडलं, पुढची दोन्ही उघडली, घमेलं हातात धरून खळ्यात फेकलं, तेव्हा लक्षात आलं की ते तापलेलं आहे. आबांच्या काखेत हात घालून त्यांना खाली आणलं. हैबती म्हणाले, "माझा मी येतो," पायरीवर पाऊल टाकलं आणि त्यांचे गुडघे ओल्या कापडासारखे मिटले. अरविंदरावांनी त्यांना मधेच पकडलं. तीन दरेकर एकमेकांना धरून खळ्यात बसले आणि वर चांदणं होतं. अरविंदरावांनी हाक मारली. ती अशी की ढोल थांबले.

जत्रेसाठी खालच्या आरोग्य केंद्राची रुग्णवाहिका देवळामागे उभी होती. तरुण डॉक्टर अंकिताने दोघांना आत घेतलं, तोंडाला ऑक्सिजन लावला, बोटाला रक्तातला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला. "डोकं दुखतंय?"

"ह्याचं दुखतंय," दोघंही एकमेकांकडे बोट दाखवून मास्कमधून म्हणाले.

चिमट्यावर अठ्ठ्याण्णव आकडा आला. अरविंदराव एकदम पुढे झाले. "डॉक्टर, त्या आकड्यावर जाऊ नका! कार्बन मोनॉक्साइड असला की हे यंत्र फसतं. आकडा चांगला दिसतो आणि..."

"माहितीये, काका. म्हणूनच आकडा न बघता ऑक्सिजन लावलाय," ती शांतपणे म्हणाली. "तेवढा पाय बाजूला घेता का? तुम्ही नळीवर उभे आहात."

अरविंदरावांनी पाय घेतला. सत्तावीस वर्षांची नोकरी त्या नळीवर उभी होती. नंतर डॉक्टरने त्यांच्या भाजलेल्या तळव्यांना मलम लावलं.

ऑक्सिजन तासाहून जास्त चालला. तोवर अर्धी माची रुग्णवाहिकेभोवती जमली होती. "निखाऱ्यानं कुठं असं होतं का?" कुणीतरी म्हणालं. "आमच्याकडं शेगडी पिढ्यान्‌पिढ्या हाय. धूर नसला म्हंजे काय भीती?"

तेव्हा बायजाकाकी पुढे आल्या. ठेंगण्या, हाताला अजून नाचणीचं पीठ.

"माझी धाकटी भैन मैना," त्या म्हणाल्या. "बाळंतीण होती. असाच पौष. खाटेखाली शेगडी, नि वारा लागू नये म्हणून दार लावलेलं. सकाळी उघडलं तर मायलेकरं झोपल्यावानी. गालावर लाली होती पोरीच्या. लोक म्हणाले, भूत बसलं. मी म्हणलं, भूत नाय, शेगडी. चाळीस वर्षं झाली. कोण ऐकतं?"

हैबतींनी मास्क धरून खाली बघितलं. बायकोच्या तोंडून हे त्यांनी पूर्वी पुष्कळदा ऐकलं असणार.

"काकी," अरविंदराव म्हणाले, "तुमचं बरोबर होतं. शेगडीच होती ती."

काकींनी त्यांच्याकडे क्षणभर बघितलं. मग पदराने डोळे न पुसता हात पुसले आणि म्हणाल्या, "चल. तुझी गाडी दाखव."

डॉक्टरने दोघांना पुन्हा तपासलं. डोकेदुखी उतरली होती, पाय ताळ्यावर आले होते. तिने रात्री खाली पोलादपूरला दवाखान्यात चला म्हणून सांगितलं. आबांनी मास्क काढून एवढंच विचारलं, "माचीवर देवी नि तुमची गाडी, दोनी रात्रभर हायेत ना?" होत्या. तिने बराच विचार करून अटी घातल्या: शेजारी कुणीतरी रात्रभर जागं राहायचं, ती स्वतः दोनदा येऊन बघणार, जरा काही वाटलं तर लगेच खाली, आणि सकाळी दवाखाना चुकवायचा नाही.

इकडे बायजाकाकींनी गाडीत चढून छताचा चंदेरी कागद बघितला, गोधड्यांची चळत बघितली आणि मग हात फळीखाली घातला. सुनीलने लोखंडी तळावर सरळ प्लायवूड ठोकलं होतं. मध्ये काही नाही.

"अरे, वर एवढं घातलंस नि खाली उघडाच की रे! थंडी खालनं येती. गुरांनासुद्धा कळतं."

"मी पाचाडला हेच म्हणत होते," पूनमवहिनी म्हणाल्या. त्यांनी आवाज अजिबात चढवला नाही. त्यामुळे ते जास्त लागलं.

काकींनी दोन माणसांना पिटाळलं. ते भाताच्या पेंढ्याचे भारे घेऊन आले. तो बाकांवर वीतभर जाड पसरला, वर घोंगडी, वर गोधडी. पूनमवहिनींनी पाणी चांगलं तापवून स्टीलच्या बाटल्यांत भरलं, झाकणं घट्ट लावली, बाटल्या जुन्या पायमोज्यांत घातल्या आणि पायथ्याशी ठेवल्या. आबांना कोरडे कपडे, कानटोपी, पोटात गरम भाकरी आणि कुळथाचं पिठलं. अरविंदरावांनी यंत्र उशाशी टांगलं आणि खिडकी रेघेपर्यंत उघडली. इतका सगळा बंदोबस्त त्यांच्या वहीत नव्हता. त्यांनी वही काढली नाही.

आबा पेंढ्यात शिरले. दुसरा बाक अरविंदरावांचा. पण त्यावर हैबती आधीच आडवे झाले होते.

"काका, तुम्ही घरी नाही जात?"

"डॉक्टरीण म्हणाली दोघांकडं ध्यान ठेवा. मग एका जागी बरं. नि ह्याच्या घराची परीक्षा कोण करणार?"

आबा भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "झोपू दे. मेला तर मान कुणाला जाईल, ते पुन्हा हुडकायला लागंल."

अरविंदराव ड्रायव्हरच्या सीटवर पहारा करत बसले. त्यांच्याखाली पेंढा नव्हता. दोन बोटांच्या खिडकीतून माची आत येत होती, आणि मागच्या अंधारात दोन चुलतभाऊ एकमेकांच्या बोलण्याची वाट बघत होते.

"येश्या, थंडी वाजती का रे?"

"नाय. तुला?"

"मला? मी माचीचा हाय."

मग आबांचा आवाज आला. "हैबत्या, तू निखारे कशाला आणले व्हतेस?"

"तुला ढास लागली व्हती. देवळापत्तुर ऐकू आली." हैबतींनी कूस बदलली. "बारा वर्सामागं, त्या वक्ताला पण मला झोप लागली नव्हती. तुझ्या खोकल्यानं नाय. मला वाटलं, हा आता यायचा बंद व्हणार."

"मग चार माणसांत तसं कशाला बोललास?"

"मग काय रडू चार माणसांत?"

थोड्या वेळाने पेंढा सळसळला. अरविंदरावांनी आरशात बघितलं. आबा उठून दोन बाकांच्या मध्ये वाकले होते आणि आपल्या चार गोधड्यांपैकी एक हैबतींवर टाकत होते. टाकताना ती जरा जोरात टाकली, प्रेमाने टाकली असं कुणाला वाटू नये म्हणून.

डॉक्टर अंकिता दोनदा येऊन गेली. दुसऱ्या वेळी तिने अरविंदरावांच्या हातात चहाचा कप दिला आणि म्हणाली, "काका, पहारा चांगला आहे." त्या एका वाक्यावर अरविंदरावांनी पुढचे तीन तास काढले.

सकाळी देवळासमोर सगळी माची जमली. गुरवाने रिवाजाप्रमाणे विचारलं, "थोरल्यानं रात्र माचीवर काढली का?" कुणीतरी पाठीमागून पुटपुटलं, गाडीत काढली ती रात्र धरायची का? गाडी म्हणजे घर का? ती तर उठून जाऊ शकते. अरविंदरावांना वाटलं, आता इथेही सभा लागणार.

हैबती पुढे आले. "मी साक्षीला होतो. ह्यानं खिडकी उघडी टाकून रात्र काढली. मला तीनदा वाटलं लावून घे म्हणावं. हा बोलला नाय, मग मी कसा बोलणार?" ते वळले. "येश्या, फोड नारळ. माझे पाय गारठलेत."

आबांनी नारळ फोडला. एका फटक्यात, बरोबर मधोमध. त्यानंतर त्यांना एक ढास लागली आणि ती संपेपर्यंत हैबती त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. चार माणसांत.

दवाखान्यासाठी दहा वाजता खाली निघायचं होतं. अरविंदरावांच्या डोळ्यांत रात्रभरची वाळू भरली होती. अशाने घाटात गाडी चालवणं असुरक्षित होतं, हे त्यांनी स्वतःलाच समजावलं आणि तासभर पडायचं ठरवलं. गाडीत गेले. यंत्र बघितलं, दोन्ही दारं सताड उघडी ठेवली आणि पहिल्यांदाच आबांच्या बाकावरच्या पेंढ्यात पाठ टेकली. ऊन पायावर आलं होतं. पेंढ्याला शेताचा वास होता. खालून थंडीचं नाव नव्हतं. एवढी ऊब आपण बांधलेल्या गाडीत आहे, याचा त्यांना अभिमान वाटला आणि त्या अभिमानातच डोळा लागला.

काही वेळाने मान अवघडली म्हणून जाग आली. डोकं मघापेक्षा खाली गेलं होतं. कानाशी चरचर असा आवाज येत होता. त्यांनी मान वळवली. हैबतींची काळी शेळी पुढचे दोन पाय पायरीवर ठेवून, अर्धी आत येऊन, त्यांच्या मानेखालचा पेंढा काडीकाडीने ओढून खात होती. चेहरा अगदी शांत, जत्रेचं जेवण चालल्यासारखा.

"पूनम!" त्यांनी हाक मारली.

"दिसतंय मला," वहिनींचा आवाज खळ्यातून आला. "काकी म्हणतात, तिला हुसकू नका, गाभण आहे."

अरविंदरावांनी शेळीकडे बघितलं. शेळीने अरविंदरावांकडे बघितलं आणि चावणं चालू ठेवलं. आत ज्वलन नव्हतं, हवा खेळती होती, बाहेर पडायचा मार्ग मोकळा होता. नियमात बसत नाही असं काही घडत नव्हतं. त्यांनी थोडं भिंतीकडे सरकून तिला पुढचा पेंढा मोकळा करून दिला आणि गोधडी कानापर्यंत ओढून परत झोपले.